बाकी वाढली

अकरा वेळा एक लिहिला की जो भलामोठा आकडा होतो, त्याला एक आणि तो स्वतः सोडून कुठल्या तरी संख्येने पूर्ण भाग जातो का, एवढं एकच वामन गुरुजींना डोळे मिटण्याआधी जाणून घ्यायचं होतं. कोपरखैरण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आणि पत्नी यशोदाबाई गेल्यावर बाकीचे म्हातारे ओट्यावर विड्या ओढत बसले. गुरुजींनी भागाकार धरला. तीन, सात, अकरा, तेरा करत एकेका मूळसंख्येने भाग देत ते एकवीस हजारांच्या पुढे आले, आणि एकसष्ट साली मोतीबिंदूने त्यांना गाठलं.

मग पाटी सुनेच्या हाती गेली. पुतळा शेव्याकडच्या मिठागरवाल्यांची लेक, चौथी पास. गुरुजी संख्या सांगायचे, ती दुपारी भांडी घासून झाली की भागाकार करायची आणि बाकी सांगून पाटी पुसायची. चुकायचीही. चुकली की गुरुजी शाळेतल्यासारखे डाफरायचे, आणि पोर मुकाट ऐकून घ्यायची.

एके दिवशी ती म्हणाली होती, बाकी वाढली. भागाकारात बाकी भाजकापेक्षा वाढली म्हणजे गणित चुकलं, हे गुरुजींनी जन्मभर मुलांना सांगितलेलं. त्या दिवशी ते फार दमले होते. पूस, पुढची घे, म्हणाले. ही पुन्हा करून बघू असं मनात होतं, ते राहूनच गेलं.

असेच काही आठवडे गेले. एकदा जेवताना आमटी अळणी लागली, म्हणून त्यांनी मीठ मागितलं.

"मीठ वाढलंय, मामा," पुतळा म्हणाली.

गुरुजींनी ताटाची कड चाचपली. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. पुतळाला हसू आलं.

"ताटात नाय वो. मडक्यातलं वाढलं. आमच्यात संपलं म्हनत नाय."

गुरुजींचा हात ताटातच राहिला. दिवा वाढवतात, बांगडी वाढते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण पाटीवर तो शब्द ऐकला तेव्हा त्यांच्यातला मास्तर तेवढा जागा होता.

"पुतळा, त्या दिवशी बाकी वाढली म्हणालीस, ती?"

"ती पन संपलेली. खाली काय उरलंच नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोल्ली की, मामा. तुमीच म्हनलात पूस."

गुरुजींना रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही बळ अंगात नव्हतं. आकड्याला पूर्ण भाग गेला होता, त्यांच्यासमोर गेला होता, आणि त्यांनीच तो पुसायला लावला होता. कुठली संख्या होती, ते दोघांनाही आठवेना. आता एकेक संख्या घेत मागे यायचं, पुन्हा.

अळणी आमटीभात त्यांनी तसाच संपवला.

"पाटी आण," ते म्हणाले. "आणि बाकी संपली तर सरळ संपली म्हण."

पुतळा खरकटं काढता काढता थांबली. "तसं माज्यानं नाय म्हनवायचं, मामा."

गुरुजींनी धोतराला हात पुसले.

"बरं. वाढली म्हण," ते म्हणाले. "आता मला कळेल."