दुरुस्त केलेली खोट

खेळ बाजारात जाण्याआधी खेळून बघायचे आणि त्यातली खोट शोधायची, हे ताईंचं काम. ऑफिसातली पोरं त्यांना लाडानं भागूबाई म्हणत, कारण मनगटाला ठोके मोजणारा पट्टा बांधला की सगळ्यात आधी धडधडे ते ताईंचंच काळीज. आणि हा नवा खेळ तर नाडीवरच चालायचा. अंधाऱ्या घरात कुणीतरी तुम्हाला शोधत फिरतं. ठोके वाढले की त्याला सुगावा लागतो, शांत झाले की ते निघून जातं.

ताईंना मात्र एक तोड सापडली होती. ते जवळ आलं की ताई आपल्या बाबांची ओळ गुणगुणत. देवाच्या नावाची साधी ओळ, लहानपणी बाबांनीच शिकवलेली. आता बाबा पोटच्या पोरीलाही ओळखत नसत, पण रोज दुपारी ताईंनी ती ओळ म्हटली की त्यांची तडफड थांबे आणि चार घास पोटात जात. दुसऱ्या कशाचीच मात्रा चालत नसे.

खोट दिसली की लिहायची, ही हाताला लागलेली सवय. ताईंनी इमानदारीनं लिहून दिलं: गुणगुणलं की ठोके उतरतात आणि खेळ लुळा पडतो.

आठवड्यानं सुधारलेला खेळ आला. ताई खेळातल्या कपाटात लपल्या. पावलं दाराच्या फळीशी थांबली. त्यांचे ओठ हलायच्या आत बाहेरून ओळ आली. त्यांच्याच आवाजात, त्याच जागी श्वास घेत, अगदी मायेनं.

ताईंनी पट्टा ओरबाडून काढला. गटाचा प्रमुख हरखून गेला होता. "एकशे साठ ठोके, ताई. खोट तुम्हीच तर दाखवलीत."

ते काढून टाका, म्हणून ताईंनी विनवलं. तो समजावत राहिला की काढायला ते कुठे लिहिलेलंच नाही. खेळ ताईंचं ऐकून आपला आपण शिकलाय.

दुपारी घरी बाबा दाराला धरून थरथरत होते. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही, असं शेजारीण सांगून गेली. ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, हात हातात घेतला. पहिला शब्द उच्चारला मात्र, काळीज लक्कन हललं. पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं वाटलं. आवाज कापला.

बाबांनी हात सोडवून घेतला. भेदरून ते खुर्चीत मागे सरले.

"कोण आहे?"

"मी आहे, बाबा."

त्यांना ते पटलं नाही. देवा, निदान ही ओळ तरी तुझी राहू दे, असं मनात म्हणत ताईंनी पुन्हा तोच शब्द धरला. बाबांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.