वाऱ्याचा वेग, मंगळवार, चार वाजून दहा

रणजितनं बाहेरून कुलूप घातलं आणि जाळीतून म्हणाला, "आकडा निघाला की उघडतो. तवर निवांत काम कर, ऑपरेटरबाई. कोण त्रास देणार न्हाय."

त्रास देणारा तोच होता. पण सांगवीत आप्पासाहेबांच्या पुतण्याला हे तोंडावर कोण सांगणार? मीही सांगितलं नाही. खुर्चीवर बसले.

मी समिना. इथल्या हवामान केंद्रावर ऑपरेटर. केंद्र म्हणजे आप्पांच्या उसाला लागून दहा बाय दहाची पत्र्याची खोली. चाळीस मीटरवर एक खांब, त्याच्या टोकाला वारा मोजायच्या फिरत्या वाट्या आणि कमरेच्या उंचीवर एक करडा डबा. डबा दर दहा मिनिटांनी वारा, पाऊस, ऊन मोजतो आणि पोटात ठेवतो. सात दिवसांचं ठेवतो. आठव्या दिवशी जुनं पुसून त्याच जागी नवं लिहितो. रोज सकाळी दहाला मी ते वायरीतून कॉम्प्युटरवर ओढायचं आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचं, एवढंच माझं काम. ते मला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. कॉलेज अर्ध्यात सुटलं, ते का, ते इथं लिहीत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी चार दहाला आप्पांचा नवा गोठा बसला. गेणूकाका, पंधरा वर्षं त्यांच्याकडं राबलेला गडी, खाली सापडला. बारामतीच्या दवाखान्यात आहे. कमरेखाली त्याला काही कळत नाही. गोठ्याचं वेल्डिंग माझ्या भावानं केलेलं. इमाम लोणी देवकरला कंपनीत वेल्डर आहे, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं घेतो. आप्पांनी पोलिसांत लिहून दिलं की वेल्डिंग कच्चं होतं. रविवारी इमामला उचलला. जमीलाभाभी तेव्हापासून माझ्याकडं बघते ती एकाच आशेनं. कारण इमाम सांगतोय की वारं होतं, माणसाला उभं राहू देईना असलं वारं. आणि किती वारं होतं हे या सगळ्या टापूत एकालाच माहीत होतं, त्या करड्या डब्याला.

डबा बुधवारपासून बोलत नव्हता.

आज परत मंगळवार. चार दहा वाजले की डबा आजचा वारा त्या वाऱ्यावर लिहिणार. मी घड्याळ बघितलं. तीन वीस.

सहा दिवस मी काय केलं नाही? आकडे पाठवायचा वेग डब्यात आणि कॉम्प्युटरात सारखा आहे का, तपासला. पोर्टचा नंबर बदलून बघितला. वायर लॅपटॉपला जोडायचा नवा कन्व्हर्टर बारामतीहून आणून शेजारच्या मास्तरांच्या लॅपटॉपला लावला, तो त्यानं ओळखलाच नाही. पुण्याच्या इंजिनिअरला रोज फोन. "मॅडम, सॉफ्टवेअर परत टाका." टाकलं. "मॅडम, कॉम्प्युटर बंद करून चालू करा." असला सल्ला द्यायला त्याला पगार मिळतो. पडद्यावर मात्र तेच: आकड्यांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा.

आज डोकं शांत ठेवलं. कॉम्प्युटरच्या पाठीला वायर घुसते त्या पोर्टला नऊ पिना असतात. दोन नंबरची ऐकते, तीन नंबरची बोलते. केसातली पिन काढून त्या दोन्ही जोडल्या आणि कीबोर्डवर ए दाबला. कॉम्प्युटर बोलला ते त्यालाच ऐकू गेलं पाहिजे. पडद्यावर ए उमटला. म्हणजे कॉम्प्युटर धड आहे, पोर्ट धड आहे. भानगड पुढं, वायरीत नाहीतर डब्यात. आणि मी इथं कुलपात.

खिडकीखाली साखरबाई मावशी बसली होती. गेणूकाकाची बायको. पोराला दवाखान्यात बसवून सकाळच्या एसटीनं आली होती.

"मावशी, तू कशाला आलीस उन्हाची?"

"आप्पा म्हणत्यात सही कर. गोठा वादळानं पडला, कुणावर तक्रार न्हाय म्हून." ती गजाला धरून उभी राहिली. "म्या म्हनलं, आदी वाऱ्याचा आकडा माझ्या कानानं ऐकते, मग करते."

हे मला नवं होतं. आप्पा तर वेल्डिंग म्हणत होते ना? मग कळलं. काल पोलिसांनी गोठ्याला वापरलेल्या पाइपचं बिल मागितलं. बिल मागितल्यावर आप्पांना वादळ आठवलं.

"मावशी, माझं एक काम करशील? खांबाजवळचा डबा उघड. वायरीचं टोक उपस. नऊ भोकं दिसतील, वर पाच, खाली चार. वरच्या ओळीतल्या दोन आन तीन नंबरच्या भोकात ही पिन वाकवून घाल."

"करंट?"

"न्हाय लागत."

"न्हाय लागत म्हनूनच समदी सांगत्यात," ती म्हणाली आणि पिन घेऊन गेली. रणजित रस्त्यावर जीपमध्ये एसी लावून बसला होता. म्हातारी डब्यापाशी काय करते याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तिनं हात वर केला. मी ए दाबला. परत आला तो चौकोन. परत दाबला, प्रश्नचिन्ह. डबा मधे नसतानाही कचराच, म्हणजे डबाही धड असणार. वायर तुटलेलीही नाही, तुटली असती तर काहीच आलं नसतं. शब्द जातोय, येतोय, आणि वाटेत कुणीतरी त्याची माती करतंय.

तेव्हा मला मोटारीचा आवाज ऐकू आला. ऐकू तर सकाळपासून येत होता. पण कान सवयीनं बहिरा होतो. कॅनॉलवरची आप्पांची मोटार. उन्हाळी आवर्तन सुरू, पाण्याची पाळी आप्पांची. केंद्र बांधलं तेव्हा खोदाईचं काम रणजितकडं होतं, आणि पाइप वाचवायला त्यानं माझी वायर मोटारीच्या केबलच्याच पाइपातून ओढलेली. मी स्वतः बघितलं होतं. मागच्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, मोटार रात्री चालायची, मी सकाळी दहाला यूपीएसच्या बॅटरीवर आकडे नीट ओढायची. बुधवारपासून लाइट दिवसाची झाली. लाइट आली की ऑटोवर मोटार आपोआप सुरू. लाइट गेली की मोटार बंद, पण माझी खोलीही त्याच लाइनवर आणि यूपीएस त्याच बुधवारी मेलेला. मोटार चालू तर तिच्या करंटनं शेजारच्या वायरीतले आकडे खराब. मोटार बंद तर कॉम्प्युटर बंद. सहा दिवस मी या चिमट्यात बसले होते आणि मला कळलं नव्हतं.

लाइट साडेचारला जाणार. आकडा चार दहाला मरणार.

आप्पांना फोन लावला. "आप्पा, मोटार दहा मिनिटं बंद करायला सांगा. वायरीवर..."

"पोरी, पाळी हाय माझी. पाणी काय तुझ्या कॉम्प्युटरसाठी थांबतंय व्हय?" मग आवाज मऊ झाला. "आन एवढा खटाटोप कशाला? मशिनीत काय निघालं ते कुणी बघितलंय? तू सत्त्याऐंशी लिही. ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर. संध्याकाळच्या आत तक्रार मागं घेतो, उद्या इमाम घरी. साखरबाई सही करती. कुणाचंच नुकसान न्हाय."

"गेणूकाकाचं?"

"त्याचं झालेलंच हाय की."

फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, सत्त्याऐंशी हा आकडा मला गोड लागला होता. पण मला तो खराच निघायला हवा होता.

साखरबाई खिडकीशी आली. "काय झालं गं?"

"पिन काढून वायर आधी डब्यात परत घालशील, मावशी? आन ती मोटार बंद व्हायला पायजे. दहा मिनिटं. आप्पा न्हाय म्हणत्यात."

तिनं कॅनॉलकडं बघितलं. "ऑटो खाली करायचा, मग लाल बटण. पंधरा वरसं ह्यांनी दाबलं, भाकरी घिऊन गेलं की बघायचे म्या." पदर खोचून ती निघाली. आधी खांबाकडं, मग बांधाबांधानं कॅनॉलकडं.

चारला आठ कमी असताना आवाज थांबला. इतकं शांत झालं की पत्रा उन्हानं कडकडल्याचं ऐकू आलं. मी बटण दाबलं.

ओळी सुरू झाल्या. आकडे. धड, सरळ आकडे. एक हजार आठ ओळी यायच्या होत्या, सगळ्यात जुनी सगळ्यात आधी. पहिली चार वाजताची. दुसरी चार दहाची.

एक्केचाळीस.

मी बोट पडद्यावर ठेवून परत वाचलं. सर्वांत जोराचा झोत, ताशी एक्केचाळीस. पुढची ओळ तेहतीस. त्याच्या पुढची अठ्ठावीस. मागं सरकून चारची बघितली, बावीस. सत्त्याऐंशी कुठंच नव्हतं. साठसुद्धा नव्हतं.

बाहेर जीपचं दार आपटलं. रणजित कॅनॉलकडं पळत होता. लांबून त्याची शिवी ऐकू आली, आणि साखरबाईचा आवाज, "लावा की हात, लावा. समद्या शिवाराला दिसू दे." ती स्टार्टरच्या पेटीला पाठ लावून उभी असणार.

ओळी संपल्या. पडद्यावर प्रश्न आला: साठवायचं का?

चारला चार कमी. नाही म्हटलं की झालं. चौदा मिनिटांनी डबाही विसरणार. मग मशीन बंद होतं म्हणायला मी मोकळी, सत्त्याऐंशी लिहायलाही मोकळी. मला महिन्यापूर्वीचं एक रात्रीचं जेवण आठवलं. इमाम भाकरी मोडता मोडता म्हणाला होता, "पाइप लई पातळ आणलाय आप्पांनी. पत्र्याचं वजन झेपायचं न्हाय." भाभी म्हणाली, मग सांगा त्यांना. "सांगितलं. म्हणत्यात, तू वेल्डिंग कर, इंजिनिअर हू नको." आम्ही हसलो होतो. मीही हसले होते. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जाऊन तोच पाइप जोडला.

मोटार परत सुरू झाली. आता बिघडत नव्हतं, सगळं आत आलेलं होतं.

मी हो दाबलं, पेनड्राइव्हवरही उतरवलं. पडद्याचा फोटो काढला आणि रोजच्यासारखा ग्रुपवर टाकला: मंगळवार, चार वाजून दहा, वाऱ्याचा वेग एक्केचाळीस. ग्रुपवर चारशे बारा जण आहेत.

रणजित परत आला तेव्हा त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं वाचलं. जाळीला तोंड लावून हळू म्हणाला, "काढ ते."

"आता काढून काय करू, रणजितदादा? वाचलं लोकांनी."

"भाऊ सुटत होता तुझा. मूर्ख हायस का तू?"

त्यानं किल्ली बोटावर फिरवली, खिशात टाकली आणि जीपकडं गेला. कुलूप तसंच.

साखरबाई घामानं भिजून खिडकीशी आली. तिच्या दंडावर चार बोटं उमटली होती.

"आला का आकडा?"

"आला. एक्केचाळीस."

"म्हंजी किती गं?"

"बारामतीच्या एसटीत खिडकीला बसल्यावर तोंडावर लागतं, तेवढं."

"तेवढ्यानं गोठा पडतो व्हय?"

"न्हाय पडत."

"मग?"

इथं मला थांबता आलं असतं. "पाइप पातळ होता, मावशी. आप्पांनी आणलेला. इमामला ते म्हाईत होतं, आन म्हाईत असून त्यानं जोडला. मलाबी म्हाईत होतं."

मला वाटलं ती थुंकेल. तिनं गजावरचा हात काढलासुद्धा नाही.

"आमालाबी म्हाईत हुतं," ती म्हणाली. "ह्यांनी घरी सांगितलं हुतं, गोठ्याचा खांब हलतोय. म्या म्हनलं, आपुन काय बोलायचं. बैलाला वैरण घाला आन गप घरी या." मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "सही न्हाय करत म्या. साडेचारची गाडी घावंल मला."

ती बांधावरून रस्त्याकडं गेली. जीपजवळून जाताना तिनं तिकडं बघितलंही नाही.

साडेचारला लाइट गेली. मोटार थांबली, पंखा थांबला, पडदा काळा झाला. पत्र्याखाली भट्टी. मी पेनड्राइव्ह मुठीत धरून बसले आणि जाळीपलीकडं कुलपाकडं बघत राहिले.

फोन वाजला. जमीलाभाभी. भाभीही त्या ग्रुपमध्ये आहे, मीच घेतलेलं तिला.

बराच वेळ वाजू दिला. मग उचलला.