फारकतीची नक्कल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं सगळेच सांगतात. पोरीचं लग्न मोडायला आलं की काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून पिंपळगाव राजाच्या गोजरबाई कोणाचा सल्ला न घेता एका महिन्यात खामगावच्या कोर्टाची पायरी दोनदा चढली.

प्रकरण असं होतं. तिच्या विमलची सोयरीक नांदुऱ्याच्या उद्धवशी जुळली होती. कुंकू लागलं, साखर वाटली, आणि मग उद्धवच्या काकाला, पंजाबरावाला, अक्कल सुचली. काही माणसांना ती साखर खाऊन झाल्यावरच सुचते. तो म्हणाला, "पोरीच्या मायचा हा पाट हाय, दुसरं लगन. पयल्या नवऱ्याची फारकत झाल्ती का? झाली असन तर कागद दाखवा. नसन तर तो पाट कायचा अन् ती पोरगी कोनाची?"

गोजरबाईचं पहिलं लग्न सुलतानपूरला झालं होतं आणि ते मोडलं होतं, हे पिंपळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कागद असणं वेगळं. फारकतीचा कागद तिच्या बापाच्या पेटीत होता. बाप गेला आणि पेटीला उधई लागून कागदाचा भुगा झाला; आता त्याची नक्कल मिळाली तर खामगावच्या कोर्टातच. तुळशीचं लग्न लागलं की पंच बसणार होते, आणि तोवर कागद आला नाही तर सोयरीक मोडली, असा निरोप होता. एकदा अशी सोयरीक मोडली की त्या पोरीच्या दारात दुसरं कोणी फिरकत नाही. गोजरबाईला घास गिळवेना.

तिचा नवरा किसनराव भला माणूस, पण पट्टेवाला नुसता रस्त्यानं जाताना दिसला तरी त्याला घाम फुटे. तेव्हा पहिल्या खेपेला शेजारच्या तुळशीरामनं बैलगाडी जुंपली. कोर्टाच्या ओट्यावर अर्ज लिहून देणारे बसत. त्यातल्या एकानं टाक बुडवला आणि विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला आणि तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीरामला तेवढंच हवं होतं. "किसनराव!" तो असा ओरडला की पलीकडचे दोन वकील वळून बघायला लागले.

अर्जवाल्यानं लिहिलं, 'गोजरबाई जवजे किसनराव', म्हणजे किसनरावाची बायको, आणि पुढे मागितली किसनरावाशी झालेल्या फारकतीची नक्कल. वाचून दाखवलं तेव्हा गोजरबाईनं मान डोलावली. ती किसनरावाचीच बायको होती, त्यात खोटं काय? तिघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि अर्ज सपशेल चुकलेला होता. गाडीत बसल्यावर बाई समाधानानं दोन भाकरी जेवली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. या खेपेला किसनरावानं विमलला सोबत धाडलं होतं, कारण तुळशीरामच्या घरी कापूस वेचणी निघाली होती. दप्तरखान्यात भगवंतराव नावाचे पिकल्या मिशांचे कारकून बसत. लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध त्यांचं टेबल होतं. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"बाई, असा दावा नाही. वीस वर्षांची रजिस्टरं पाहिली. आणि हा किसनराव आता कुठे असतो?"

"घरीच हायेत," गोजरबाई म्हणाली. "म्हशीले चारा घालत असतीन."

भगवंतरावांनी चष्मा काढला. "ज्याच्यापासून फारकत झाली, त्याच्याच घरी राहता?"

विमलला हसू फुटलं. मग तिनंच नीट समजावून सांगितलं, की हे तिचे बाबा, आणि फारकत झाली ती त्याच्या आधीच्याशी, सुलतानपूरवाल्याशी. भगवंतरावही हसले. चिडायचा हक्क होता त्यांना, पण चिडले नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला.

"बरं. त्या आधीच्याचं नाव सांगा."

विमलला ते ठाऊक नव्हतं. घरात तो विषय निघालाच तर 'तो सुलतानपूरवाला' एवढंच म्हणत. आणि गोजरबाईनं पुन्हा पदर तोंडाशी नेला. दोन वर्षं त्या घरात होती तेव्हा रीत म्हणून नाव घेतलं नाही. बाहेर पडल्यावर किळस म्हणून घेतलं नाही. ते नाव तिच्या तोंडातून जन्मात कधी बाहेरच पडलं नव्हतं.

"नाव नाही तर दावा सापडायचा नाही, बाई. मी तरी काय शोधू?"

गोजरबाईनं विमलकडे पाहिलं. पंच चार दिवसांवर आले होते.

"हिंमतराव," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडलं म्हणून पुढचंही टाकलं, "हिंमतराव भगवानराव, राहनार सुलतानपूर."

काही झालं नाही. छत पडलं नाही, जीभ झडली नाही. भगवंतरावांनी इतर कोणाचंही लिहावं तसं ते नाव लिहून घेतलं. एवढ्याशा नावाला आपण वीस वर्षं भीत होतो, याचा गोजरबाईला रागच आला.

"साल?"

"पिलेगात सारं गाव वावरात झोपड्या बांधून राह्यलं होतं ना, त्याच्या दुसऱ्या वर्षी. जवारी निसवली होती तवा."

भगवंतरावांनी बोटांवर हिशेब केला आणि शिडी लावली. तासाभरानं एक गठ्ठा घेऊन खाली उतरले तेव्हा मिशांवर धूळ होती. "अहो, सापडणार कसा? मी फारकतीचा दावा शोधत होतो. आपल्या लोकांची फारकत जातीत होते, कोर्टात तसा दावाच नसतो. हा आहे बायकोला नांदायला नेण्याचा दावा. तुम्ही केलेला नाही, तुमच्यावर केलेला. फारकत शेवटच्या तडजोडीत लिहिली आहे."

कागद मोडीत होता. भगवंतराव बोट फिरवत वाचू लागले.

"'कोर्टाने प्रतिवादी गोजरबाई, वय अदमासे सतरा, इला समक्ष विचारले की तुला वादीचे घरी नांदावयास जाणे आहे काय. तिने सांगितले, नाही. कोर्टाने विचारले, बापाचे शिकवण्यावरून सांगतेस काय. तिने सांगितले, बाप जा म्हणतो. मीच जात नाही. तेथे मला पायास दोर बांधून दळावयास बसवितात. मी मेली तरी जाणार नाही.'"

गोजरबाई खालीच बसली. हे ती विसरून गेली होती. दोर आठवत होता, अजून कधी कधी घोटा चोळायची सवय होती. पण आपण बोललो हे आठवत नव्हतं. बापानं सोडवून आणलं, असंच ती इतकी वर्षं सांगत आली होती आणि बापाच्या नावानं दिवा लावत आली होती. आता तिला तो बाप दिसला, मागे उभा राहून दात ओठ खाणारा. आणि टेबलापलीकडचे ते टोपीवाले मुन्सफ दिसले, ज्यांनी टाक खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं होतं. तिला काय हवं, हे जन्मात तिला विचारणारा तो एकच माणूस होता. त्याचं नावही तिला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

भगवंतरावांनी पान उलटून पुढे वाचलं. "'यावर वादीने सांगितले की न येणारीस नेऊन काय करू. वादीने राजीखुशीने फारकत दिली. आता उभयतांचे नाते राहिले नाही. बाईने पाहिजे तेथे पाट लावावा, वादीची हरकत नाही.' झालं, बाई. पंचांना एवढं पुरे. परवापर्यंत नक्कल करून, शिक्का मारून देतो. पोरीचं लग्न पक्कं समजा."

गोजरबाई उठली नाही. विमल बाजूला पाय दुमडून बसली होती आणि त्या गठ्ठ्याकडे टक लावून पाहत होती.

"विमल," गोजरबाई म्हणाली, "तुले त्या घरी जायाचं हाय काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! तुह्या बापानं ठरवलं, म्या ठरवलं, तो पंजाबराव आता मोडाले निंगाला. तुले कोनं इचारलं? मी इचारून राह्यली. नाय म्हनशीन तर कागद अठीच राहू दे, आपन घरी जाऊ. लोक काय म्हनतीन ते मी पाहून घेईन."

भगवंतरावांनी उगाचच दौतीचं झाकण उघडलं आणि लावलं.

साखरवाटपाच्या दिवशी उद्धवला विमलनं दारामागून पाहिलं होतं, पाण्याचा तांब्या त्यानं स्वतः उचलून आत आणून ठेवला होता. तेवढंच काय ते तिला माहीत होतं.

"जाईन," ती म्हणाली. "मानूस बरा वाटते मले. पन माय, नकला दोन माग."

"दोन काऊन?"

"एक पंचायले दाखव," विमल म्हणाली. "दुसरी मी सासरी नेईन, माह्या पेटीत."

गोजरबाईनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात टेकून उठली, भगवंतरावांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "साहेब, अर्ज अजून एक लिवा."