एकदाच लिहायचा आवाज

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओखाली अक्षरं लिहायची, हा माझा धंदा. लोक विचारतात, "म्हणजे टायपिंग का?" मी "हो" म्हणतो. बोलणं तर लिहायचंच, पण आवाजही कंसात लिहायचे: [कुत्रा भुंकतो], [दार आपटतं]. एकदा एका पुढाऱ्याच्या भाषणाखाली मी [तुरळक टाळ्या] लिहिलं, तर त्याच्या माणसाचा फोन आला. आम्ही 'तुरळक' काढून टाकलं. टाळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आमच्या साहेबांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो. त्यांचा नियम असा, की एकच आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर तो एकदाच लिहायचा. "वाचणाऱ्याचं डोकं उठवायचं नाही." आता हात हा नियम मला न विचारताच पाळतात.

माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. दाजी शीतगृहात कामाला होते. महिन्यापूर्वी ते आत असताना बाहेरून दार लागलं, आणि उघडलं ते दुसऱ्या पाळीची माणसं आली तेव्हा. चौकशी समितीने बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण सगळ्यांना बघायला ठेवायचं ठरवलं आणि अक्षरांसाठी आमच्याकडे पाठवलं.

"तुझ्या घरचं आहे. दुसऱ्या कोणाला देऊ?" पूर्णविरामांनी विचारलं.

"नको, मी करतो," मी म्हणालो. जसं काही घरचं कार्य होतं.

चित्रणात बंद दार, आणि खुर्चीवर रखवालदार मोबाईल बघत बसलेला. साध्या स्पीकरवर नुसती यंत्राची घरघर. हेडफोन लावले की त्या घरघरीखाली थापा. मी लिहिलं, [यंत्राची घरघर]. मग लिहिलं, [दारावर थापा]. झालं. फाइल पाठवली आणि चहा प्यायला गेलो.

घरी आलो तर ताई जेवत होती. महिनाभरात पहिल्यांदा तिने भात परत वाढून घेतला होता. ती हातांनी बोलते, त्यामुळे ताट बाजूला सारून म्हणाली, "बघितलं मी. एकदाच वाजवलं त्यांनी. कंपनी म्हणते तसंच झालं, लगेच शुद्ध गेली. उद्या समितीपुढे मान्य करून टाकते."

माझे हात मांडीवरच राहिले. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

"काही बोलू नकोस तिला," आई ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली.

"आई, ते चुकलंय. मीच चुकवलंय."

"बरं केलंस. जन्मात पहिल्यांदा तुझ्या चुकीचा कोणाला उपयोग झालाय."

"उद्या ती मान्य म्हणाली की संपलं सगळं. त्या रखवालदाराला कोणी काही विचारणार नाही."

"विचारून जावई परत येणार आहेत का? पोरगी जेवतेय रे. जेवू दे."

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. "सर, फाइल परत उघडायचीय."

"काय राहिलं?"

"थापा."

"लिहिल्यात की."

"एकदा."

"मग?"

"त्या एकदा नव्हत्या, सर."

पूर्णविराम गप्प झाले. फोनवरची शांतता कंसात कशी लिहायची, याचा आमच्याकडे नियम नाही. मग ते म्हणाले, "थांबेपर्यंत लिही," आणि फोन ठेवला.

मी लॅपटॉप घेऊन बसलो. [दारावर थापा]. [थापा सुरूच]. [थापा सुरूच]. [रखवालदार हसतो]. मोबाईलवर काहीतरी गमतीचं असणार. [थापा सुरूच]. [थापा मंदावतात]. परत [थापा, जोरात]. मग बराच वेळ काही नाही. मग एक. तीही लिहिली.

मान वळवली तर ताई मागे उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला मी ऐकू येत नाही, आणि मलाही ती ऐकू आली नव्हती. तिने सगळं वाचलं. रडली नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं आणि विचारलं, "जोरात म्हणजे किती जोरात?"

याला माझ्याकडे शब्द नव्हता. तिने कपाटाचं दार उघडलं, आतल्या बाजूने त्यावर तळहात टेकले आणि मानेनेच म्हणाली, कर.

मी बाहेरून दारावर थाप मारली. तिने डोळे मिटले. मग एक हात सोडवून म्हणाली, "उद्या मी बोलणार नाही. समितीच्या टेबलावर हे वाजवणार. त्यांनी वाजवलं तेवढा वेळ. पहिल्यापासून शिकव."

मी हेडफोन लावले आणि चित्रण पहिल्यापासून सुरू केलं. तिकडे थाप पडली की इकडे मी मारायची. ती तळहाताने पाठ करत होती. रखवालदार हसला तिथे मी थांबलो नाही, कारण दाजीही थांबले नव्हते. हात सुजायला लागला तेव्हा आई दारात आली. हेडफोनमधून तिचा आवाज यंत्राच्या घरघरीइतकाच आला.

"पुरे कर रे! सांग तिला, पुरे म्हणावं!"

ताईची तिच्याकडे पाठ होती. सांगायला हात मोकळे लागतात.