नाक टेकवलं तरच

"मामा, एकच अट. तिनं नाक उचललं की तू हात काढायचा," भाची म्हणाली.

आता बोला! उभा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेला, आणि मी घोडीची परवानगी काढायची? तीही ठिणगीची! मागच्या खेपेला याच बयेनं लाथ घालून मला तबेल्याच्या दारावर आपटलं होतं. हिच्या पायाला पुन्हा हात लावणार नाही, असं तेव्हाच सांगून टाकलेलं.

पण तिचा मागचा खूर चिरत चालला होता. दाजींनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, निर्वाणीचं सांगितलं होतं: आज नाल बसले तर घोडी राहील, नाहीतर उद्या व्यापारी घेऊन जाईल. बहिणीनं फोनवर गळ घातली. मग काय करतो? आलो अवजारं घेऊन.

भाचीनं खांबावर पातेल्याचं जुनं झाकण ठोकलं होतं. ठिणगीनं त्याला नाक टेकवून शांत उभं राहायचं. टेकवलं की भाची जिभेनं 'टक' करायची आणि गाजराचा तुकडा द्यायची. दोरी नाही, चाबूक नाही. नाक उचललं म्हणजे घोडीला भीती वाटतेय, सगळ्यांनी थांबायचं.

"लाडावून ठेव अजून! उद्या चहा मागेल," मी म्हणालो.

पण खरं सांगतो, तीन पाय कधी झाले कळलंही नाही. मी तर शीळ घालायला लागलो. उरला तो चिरलेला. खूर तासला, नाल लावून पाहिला, नेमका बसला. खिळा धरला, हातोडी उचलली, आणि बयेनं नाक उचललं.

डोक्यात तिडीक गेली. पाय माझ्या मांडीत घट्ट होता.

"ठोक की!" दारातून दाजी म्हणाले. "धरलायस ना पाय?"

भाची नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी शिवी हासडली, घोडीला नाही, स्वतःलाच, आणि पाय खाली सोडला.

"झालं! बोलावतो व्यापाऱ्याला," दाजी म्हणाले.

ठिणगी मागे सरकली. भाचीचे डोळे भरले, पण तिनं ना हाक मारली, ना गाजर दाखवलं. माझ्या जिवाला लागलं. म्हटलं, आपल्याच हातानं पोरीची घोडी घालवली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

जरा वेळानं घोडीनं मोठा सुस्कारा सोडला. स्वतःहून पुढे आली. झाकणाला नाक टेकवलं. मी वाकलो, आणि हात लावायच्या आतच तिनं तो पाय उचलून धरला.

आजवर पाय खूप धरले मी. असा आपणहून कुणी दिला नव्हता. मला समोरचं नीट दिसेना.

"ठोक आता," दाजी म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"थांबा हो दाजी," मी म्हणालो. "आधी तिला गाजर मिळू दे."