फुकटची अदलाबदल: बंद

"फुकटात, एकही वार न झेलता प्राणी बदलून कुणीही जिंकेल!" ताईने टोमणा मारला, म्हणून धाकटीने गेमच्या सेटिंगमध्ये ती मुभाच बंद केली. लढाईत पडलेला प्राणी कायमचा सोडून द्यायचा, हा दोघींचा नियम.

आता तिच्या जखमी पानकासवासमोर शत्रूचा आगवाघ उभा ठाकला. कासवाला मागे घ्यावं, तर वार त्याच्या जागी येणाऱ्या दगडबैलावर बसणार, आणि त्याच्यातही धुगधुगीच उरलेली. बैल ताईने दिलेला.

"गेम बंद कर," ताई कुजबुजली. "मागचं सेव्ह आहे, तिथून परत खेळ."

"गप गं!"

कासव?

बैल?

धाकटीने बैलाला पुढे केलं. वाघाने झेप घेतली, बैल कोसळला.

"माझाच दिसला होय तुला?" ताई म्हणाली.

धाकटीला मान वर करवेना.