न पुसलेली ओळ

मी एक जुनी मेणाची पाटी आहे. अक्रोडाच्या चौकटीत काजळी मिसळलेलं मेण ओतून मला घडवलं. मित्रांनो, लोखंडी लेखणीच्या टोकाने माझ्यावर लिहायचे आणि तिच्याच चपट्या बाजूने पुसायचे. लिहिलं की पुसलं, पुसलं की लिहिलं. स्वस्थता कशी ती मला ठाऊकच नव्हती.

बेथलेहेमच्या ख्रिस्ती मठात सेव्हेराबाई हिब्रू स्तोत्रं लॅटिनमध्ये आणत होत्या. मूळ पोथी यायर गुरुजींची. ते यहुदी. भरदुपारी गाव झोपलं की पोथी मसुरीच्या टोपलीत दडवून यायचे. परक्यांना शिकवतात हे कळलं असतं, तर त्यांच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं असतं. पण त्यांच्यावाचून बाईंचं पान हलत नसे.

"एका शब्दापाशी किती वेळ, बाई? तुमच्या लॅटिनला दम लागला वाटतं."

"दम मला लागलाय, गुरुजी. तुम्ही चार अर्थ सांगता आणि पाचवा राखून ठेवता."

रोज माझ्यावर एखादी देखणी ओळ उतरायची. बाई ती चर्मपत्रावर घ्यायच्या आणि मला सपाट करायच्या. एक तरी ओळ आपल्याकडे राहावी, असं मला फार वाटे.

एके दुपारी हात वळावा म्हणून बाईंनी पोथीतली हिब्रू ओळच माझ्यावर उतरवली. तिच्यात देवाच्या नावाची अक्षरं होती. सवयीने त्यांनी लेखणी उलटी केली, तोच गुरुजींनी मला ओढून घेतलं.

"थांबा. ते नाव आमच्यात पुसत नाहीत."

"अहो, मेण आहे ते. पाटी एकच, आणि अर्धी स्तोत्रं व्हायचीत अजून."

"मेणावर असो नाहीतर सोन्यावर. पुसलंत, तर ही टोपली या दारात पुन्हा यायची नाही."

मला खाली ठेवून, पोथी घेऊन ते निघून गेले. बाईंनी लेखणीची चपटी बाजू माझ्यावर टेकवली. मी घाबरले. पण त्यांनी ती उचलून घेतली. मग त्यांनी मला गार कोनाड्यात ठेवलं आणि फुटक्या रांजणाच्या खापऱ्यांवर झालेल्याच स्तोत्रांचे मसुदे सुधारून लिहायला घेतले.

मठातल्या बायका हसायच्या, "सेव्हेराबाई कुंभारीण झाल्या की काय?" बाई मात्र रोज दुपारी दाराकडे बघत बसायच्या. माझी इच्छा पुरी झाली होती, तरी लेखणीवाचून मला करमेना.

एके दिवशी गुरुजी आले. आधी कोनाड्यापाशी जाऊन त्यांनी मला नीट वाचलं, मग टोपली खाली ठेवली.

"खापरीवर बरी दिसते तुमची लॅटिन," ते म्हणाले. "चला, कुठवर आलो होतो?"

शेवटचं स्तोत्र झालं, तेव्हा त्यांनी बाईंकडे मलाच मागितलं. त्यांच्याकडे देवाचं नाव असलेल्या जीर्ण पोथ्या जाळत नाहीत, मानाने पुरतात. त्या पोथ्यांबरोबर त्यांनी मलाही मातीत ठेवलं.

मित्रांनो, इथे सगळं शांत आहे. फक्त माझाच जीव अजून वर, लेखणीपाशी घुटमळतो. तुम्ही पाटी पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी ती एकदा वाचा. तिच्यावर कुणाचं तरी नाव असेल.